पाजवणं

अंबूबाईच्या उजव्या अंगठ्याचं ऑपरेशन झालं
आणि सुरी माझ्या हातात आली.
चाळीस वर्षं मी लूमवर जॉबर होतो,
धोटा कुठं अडला ते नुसत्या आवाजावरून सांगायचो;
पण टोमॅटोवर सुरी टेकवली
तर टोमॅटो दबला, चिडला, बनियनवर उडाला,
कापला काही गेला नाही.

ती बाजेवरून बघत होती.
काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

आधी माझ्या पेटीतली कानस काढली.
चार हात मारले, तर सुरीला दात फुटले,
भेंडी चिरायची सोडून करवतायला लागली.
“काय करूलालाव ओ, रेल्वेचा रूळ आहे का तो?”

मग नातवानं आणलं एक लाल प्लास्टिकचं,
आत दोन चकत्या. खाचेतून सुरी ओढायची, की झालं.
झालं खरं. दोन दिवस झालं.
तिसऱ्या दिवशी शेपूच्या देठापाशी पुन्हा हात थांबला,
आणि ओट्यावर राखाडी भुकटी होती:
सुरीच ती, फुकट गेलेली.

मंगळवार पेठेतून दगड आणला,
एक अंग खरबरीत, एक गालासारखं.
दुकानदार म्हणाला, रात्रभर पाण्यात ठेवा.
रात्रभर पाण्यात!
विडी घरकुलात नळ चौथ्या दिवशी येतो, तोही रात्री दोनला.
तांब्याभर ओतलं. बुडबुडे सोडत दगड प्याला,
आणि मला वाटलं, म्हणूनच लोहार त्याला
पाजवणं म्हणत असेल.
खरं-खोटं लोहाराला ठाऊक.

“पाठीखाली दोन नाणी बसतील एवढीच उचला.
नेम्मदिगा,” आणि मग मराठीत, “घाई कुणाला आहे?”

एका अंगानं घासत राहिलं
की पलीकडच्या काठावर एक कोर येते.
दिसत नाही, बोटाला लागते,
टॉवेलच्या किनारीला सुटलेल्या दोऱ्यासारखी.
ती दुसऱ्या अंगानं घालवायची,
मग उपड्या कपाच्या बुडाला, जिथं चकाकी नसते त्या कड्यावर,
मग माझ्या कातडी पट्ट्याच्या उलट्या बाजूवर.
पट्टा तसाही आता मला चार भोकं सैल होतो.

“तू कशावर लावायचीस?”
तिनं हनुवटीनं दाराकडं दाखवलं.

पायरी. शहाबादी,
डाव्या कडेला ओंजळीएवढी खोल.
एकतीस वर्षं मी त्या खळग्याशेजारी चप्पल काढली.
मला वाटायचं ये-जा करून झिजली असेल,
माझ्या पायांनी, पोरांच्या पायांनी.
“पायांनी दगड एकाच कडेला झिजतो होय?”
म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून झोपली.

दुपारी कांदा कापला.
पदर सुटावा तसा सुटत गेला, डोळ्यांना लागला नाही.
धार बरी असली की कांदा रागावत नाही.
तिला उठवून सांगावंसं वाटलं. नाही उठवलं.

रात्री दोनला नळाला धार आली, करंगळीएवढी.
घागर भरेपर्यंत तिनं उशाखालून कात्री काढली,
विडीच्या पानाची, लोखंडी,
अंगठ्याच्या कड्याला जुन्या नऊवारीची चिंधी गुंडाळलेली.
डॉक्टर म्हणालेत, आता विडी नाही.
ते दोघांनीही ऐकलंय.
“हिला दगड लावू नका. काचकागद कापा.”

उंबऱ्यात बसून कापत राहिलो.
फरशी अजून दिवसाच्या उन्हानं कोमट होती.
कर्र कर्र आवाज हळूहळू बारीक झाला,
तुकडे सुपात पडत गेले,
लांबट, चौकोनी, माझ्याही नकळत पानाच्या मापाचे.

तिनं डाव्या हातानं एक उचलला,
बल्बच्या उजेडाला धरला, उलटा केला.
“छाट मोठी झाली,” म्हणाली.
“कारखान्यात घेणार नाहीत.”